ताकुआ स्पेसिओझा: फिरोजी पोटाचा हा सिकाडा चौकटीत नव्हे, जिवंत असताना ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोर्निओत जंगलाच्या कडेला मुक्काम होता. रात्री व्हरांड्यातल्या दिव्यापाशी एक मोठा काळा कीटक येऊन बसला. मानेमागे पिवळा-हिरवा पट्टा होता आणि उडाला तेव्हा पोट चक्क फिरोजी दिसलं. बरोबरच्यांपैकी कुणी त्याला पतंग म्हणालं, कुणी विषारी माशी. पुढे एका दुकानात तसाच एक काचेच्या चौकटीत पंख पसरून विकायला ठेवलेला दिसला. हा नक्की कोण? चावतो का? इतके भडक रंग कशासाठी? चौकट विकत घ्यावी का, आणि असा जिवंत पाळता येतो का?

वर्णन पाहता तो ताकुआ स्पेसिओझा असणार. हा सिकाडा आहे, म्हणजे सोंडेने झाडातलं पाणी पिणारा आणि ज्याचे नर जोरात गातात असा कीटक. त्याला नांगी नाही, विष नाही. पाळता येत नाही. आणि चौकट घेऊ नका, असंच मी सांगेन. कीटकांचे नमुने टाचणीला लावून जपणं आणि रात्री जंगलात दिवा-पडदा लावून कीटक पाहणं, ही दोन्ही कामं मी वर्षानुवर्षं करत आलो आहे. पडद्यावर येऊन बसलेला ताकुआ आणि चौकटीतला ताकुआ यांत इतका फरक असतो की एक पाहून दुसऱ्याची कल्पना येत नाही. तुम्ही जिवंत पाहिला आहे, त्यामुळे खरी माहिती तुमच्याकडे आहे, दुकानाकडे नाही.

आधी ओळख पक्की करू. ही जात मलाय द्वीपकल्प, सुमात्रा, जावा आणि बोर्निओ या भागातली. पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५ ते १८ सेंटीमीटर भरतात. डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंतची लांबी मात्र ५ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे शरीर मध्यम आणि पंखांचा विस्तार अवाढव्य. अंधारात उडताना तो एखाद्या लहान पक्ष्याएवढा वाटतो तो त्यामुळेच. जगातला सर्वांत मोठा सिकाडा मात्र हा नव्हे. तो मान त्याच प्रदेशातल्या मेगापोम्पोनिया इम्पेरेटोरियाचा. त्याच्या पंखांचा विस्तार २० सेंटीमीटरपर्यंत जातो, पण तो तपकिरी-हिरवट, पारदर्शक पंखांचा, झाडाच्या सालीवर सहज लपणारा. आकार आणि रंग दोन्ही एकत्र हवे असतील तर ताकुआच्या तोडीचे सिकाडे फार थोडे.

जवळून पाहिलं तर डोकं काळं, रुंद, दोन्ही टोकांना फुगीर डोळे. त्या दोन डोळ्यांच्या मधोमध, कपाळावर, तीन बारीक चकाकते ठिपके असतात. तेही डोळेच, साधे डोळे. डोक्यामागे काळा भाग आणि त्याच्या मागच्या कडेला तो प्रसिद्ध गळपट्टा, लिंबाच्या सालीचा रंग असलेला. पट्ट्यामागे पाठ पुन्हा काळी, तिच्यावर लालसर खुणा. पंख काळपट, अपारदर्शक, आणि त्यांतल्या मुख्य शिरा फिकट, त्यामुळे काळ्यावर रेघा आखल्यासारखं जाळं दिसतं. फिरोजी पोट बसलेल्या अवस्थेत बहुतेक झाकलेलंच असतं, कारण सिकाडा पंख पाठीवर दोन्ही बाजूंना उतरते ठेवतो. म्हणूनच तुम्हाला ते उडताना दिसलं, बसलेला असताना नाही. ही निरीक्षणाची नोंद फार मोलाची आहे, ती विसरू नका.

पतंग की सिकाडा हा गोंधळ काळ्या रुंद पंखांमुळे होतो आणि तो सोडवायला अर्धं मिनिट पुरतं. पतंगाच्या पंखांवर खवले असतात, बोट लागलं की भुकटी हाताला येते. सिकाड्याच्या पंखाला काहीही लागत नाही. तो कडक, कोरडा पापुद्रा असतो. पतंगाच्या मिशा ठळक, अनेकदा पिसासारख्या. सिकाड्याच्या मिशा म्हणजे डोळ्यांपुढचे दोन आखूड केस, शोधल्याशिवाय दिसतही नाहीत. आणि कीटक काचेवर बसला असेल तर पलीकडून पाहा: तोंडापासून पायांच्या मधून मागे जाणारी सरळ, कडक सोंड दिसली की विषय संपला. पतंगाची सोंड गुंडाळलेली असते.

याच्याशी गल्लत होऊ शकेल असे इतर रंगीत सिकाडे आशियात आहेत. सर्वांत जास्त गल्लत होते ती टोसेना या वंशाशी. टोसेनाचे पंखही काळे, मोठे. पण पुढच्या पंखावर आडवा पांढरा किंवा पिवळसर पट्टा असतो. ताकुआच्या पंखावर असा पट्टा नसतो. टोसेना ईशान्य भारतातही आहे, त्यामुळे मेघालय किंवा आसामातून कुणी ‘हाच तो बोर्निओचा सिकाडा’ म्हणून फोटो पाठवला तर मी पहिल्यांदा तो आडवा पट्टा शोधतो. गेआना वंशातले सिकाडे ठिपकेदार पंखांचे आणि बरेच लहान. हुएकिस सँग्विनिया काळा-लाल, पण तोही जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढा. आकार लक्षात ठेवला तर या दोघांशी गल्लत होणार नाही.

आता रंगांबद्दल, कारण चौकटीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

काळा रंग टिकाऊ असतो. तो कवचातल्या मेलॅनिनचा आणि कवच घट्ट होण्याच्या प्रक्रियेचा. शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यातही तो तसाच सापडतो. हिरवे-निळे रंग वेगळे. सिकाड्यांमध्ये ते बहुतांशी रंगद्रव्यांचे असतात, निळसर पित्तरंजक आणि पिवळं द्रव्य यांच्या मिश्रणातून हिरवा तयार होतो. ऑस्ट्रेलियातल्या सायक्लोकायला ऑस्ट्रलेसिई या सिकाड्यात हे सुंदर दिसतं: नेहमीचा हिरवागार, पण ज्यांच्यात पिवळं द्रव्य नसतं ते अगदी फिरोजी निळे. जिवंत शरीरात हे रंग ताजे राहतात. कीटक मेला, वाळला, उजेडात राहिला की ते उतरतात. हिरव्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा गवती तपकिरी. मेलेल्या सिकाड्याच्या अंगातून चरबीही हळूहळू बाहेर झिरपते आणि पोटावरचा रंग तेलकट, काळपट करून टाकते. नमुने सांभाळणारे लोक असा नमुना ॲसिटोन या द्रावकात बुडवून तेल काढतात, कवच स्वच्छ होतं, पण गेलेला हिरवा-निळा परत येत नाही.

त्यामुळे चौकटीतला ताकुआ पाहून तुम्ही रंगाबद्दल जे काही म्हणाल ते त्या नमुन्याच्या वयाबद्दल असतं, जातीबद्दल नाही. शिवाय चौकटीत पुढचे पंख वर ओढून, मागची कड अंगाला काटकोनात येईल अशा बेताने पसरलेले असतात. ही संग्रहालयांची सोय आहे, दोन नमुन्यांची तुलना करता यावी म्हणून. जिवंत सिकाडा त्या अवस्थेत कधीही बसत नाही. फिरोजी पोट उघडं दिसतं ते त्या पसरण्यामुळे. लोकांच्या मनात त्यामुळे ‘झाडावर चमकत बसलेला निळा किडा’ असं चित्र तयार होतं आणि मग जंगलात समोर काळा, पंख मिटलेला ताकुआ असूनही तो ओळखू येत नाही.

या जातीचं शास्त्रीय वर्णनही वाळक्या नमुन्यावरूनच झालेलं आहे. योहान कार्ल विल्हेल्म इलिगर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १८०० मध्ये ते केलं. पुढे हाच माणूस बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचा, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचा, प्रमुख झाला. ताकुआ हा वंश १८४३ मध्ये आमियो आणि ओदिने-सेर्व्हिल या दोघा फ्रेंचांनी वेगळा काढला. वर्गीकरणाला वाळका नमुना पुरतो, आणि लागतोही. माझा आक्षेप नमुन्याला नाही, दुकानातल्या नमुन्याला आहे. त्याकडे पुढे येतो.

इतके भडक रंग कशासाठी, याचं तयार उत्तर लोक लगेच देतात: ‘विषारी आहे म्हणून इशारा.’ काही सिकाड्यांच्या बाबतीत काळा-लाल रंग इशाऱ्याचा असावा असं मानायला जागा आहे. हुएकिस दिवसा उघड्यावर, संथपणे वावरतो आणि लपायचा प्रयत्न करत नाही. पण रंग भडक म्हणजे प्राणी विषारी, हे गणित उलटं मांडता येत नाही. ताकुआ पंख मिटून बसला की त्याचा रंगीत भाग म्हणजे एक अरुंद गळपट्टा. झाडावर, सावलीत, तो पट्टा शरीराचा आकार तोडतो. डोळा काळ्या तुकड्याला एक गोष्ट समजतो आणि पट्ट्याला दुसरी. उडाल्यावर निळा झळकतो आणि बसल्यावर नाहीसा होतो, आणि पाठलाग करणाऱ्याची नजर निळ्याच्या शोधात राहते. मला हा अर्थ जास्त पटतो, कारण तो प्राण्याच्या बसण्या-उडण्याशी जुळतो. रंगाचा अर्थ लावताना आधी विचारावं की तो रंग कुणाला, कधी आणि कुठल्या अवस्थेत दिसतो. चौकट पाहून हा प्रश्न सुचतच नाही.

चावण्याबद्दल निर्धास्त राहा. सिकाड्याला कुरतडणारे जबडे नाहीत. फक्त सोंड आहे आणि ती झाडासाठी आहे. बराच वेळ मुठीत धरून ठेवला तर तो तुमच्या बोटाला फांदी समजून सोंड टोचून पाहू शकतो. टोचल्याचं कळतं, त्यापलीकडे काही होत नाही. पायांच्या टोकाची आकडी मात्र कपड्यात घट्ट रुततात, ओढून काढू नका, पाय तुटतो. बोट त्याच्या पुढ्यात धरा, तो आपणहून चढतो. नर हातात आला तर जोरात किरकिरतो. ती धडपडीची हाक असते, गाणं नव्हे. आणि अंगावर पाण्यासारखी धार उडाली तर दचकू नका. ते त्याचं मूत्र, जवळजवळ निव्वळ पाणीच.

हे पाणी आलं कुठून, यातच पाळण्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. झाडात दोन वाहिन्या असतात. पानांत तयार झालेला गोड रस एकीतून खाली येतो. मावा, तुडतुडे यांच्यातले बरेच जण तो पितात. दुसरीतून मुळांनी शोषलेलं पाणी वर चढतं. सिकाडा हे दुसरं पाणी पितो. त्यात साखर नाममात्र, अमिनो आम्लं थोडी, बाकी पाणी. शिवाय ते दाबाखाली नसतं, उलट ताणलेलं असतं. पानं ते वर ओढत असतात आणि सिकाड्याला त्या ओढीविरुद्ध ते स्वतःकडे खेचावं लागतं. त्याच्या तोंडावर पुढे आलेला जो फुगीर, आडव्या रेघांचा भाग दिसतो ना, तो नुसता चेहरा नाही. त्याच्या आत पाणी खेचणारे दणकट स्नायू आहेत. ताकुआचा फोटो समोरून काढलात तर हा भाग नीट पाहा. या प्राण्याच्या जगण्याचं सगळं कोडं त्यात आहे.

इतक्या निकस पाण्यावर जगायचं तर ते भरपूर प्यायला हवं आणि भरपूर बाहेर टाकायला हवं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की सिकाडे मूत्र थेंबाथेंबाने न टाकता धारेने फेकतात, सेकंदाला ३ मीटरपर्यंतच्या वेगाने. इतक्या लहान प्राण्यात हे अपवादात्मक आहे. आणि पाण्यात जी अमिनो आम्लं मिळत नाहीत ती सिकाड्याच्या पोटात पिढ्यानपिढ्या राहणारे जिवाणू तयार करून देतात. सल्सिया हा त्यांतला एक; बऱ्याच सिकाड्यांत हॉजकिनिया हा दुसरा. आई अंड्यातूनच ते पुढच्या पिढीला देते.

आता विचार करा, डब्यात ठेवून त्याला काय द्याल? साखरपाणी चालत नाही, फळाची फोड चालत नाही, तोडलेली फांदी चालत नाही, कारण तोडली की तिच्यातला पाण्याचा ताण संपतो. जिवंत, वाढतं झाड लागतं. डब्यातला सिकाडा थोड्याच दिवसांत मरतो, तोही पंख आपटून फाटल्यावर. मुलांना दाखवायला म्हणून रात्रभर ठेवणंही टाळा. पाच मिनिटं पाहा, फोटो काढा, सोडा.

पिल्लांचं पालन तर त्याहून अशक्य. मादी पोटाच्या टोकाच्या धारदार अवयवाने फांदीला चीर पाडून आत अंडी घालते. अंड्यातून निघालेलं मुंगीएवढं पिल्लू जमिनीवर पडतं, माती उकरून आत जातं आणि मुळांतलं तेच पाणी पीत मोठं होतं. पुढचे पाय खणण्यासाठी जाड आणि काटेरी असतात. पाच अवस्था, प्रत्येकीनंतर कात. इथे लोक हमखास ‘सतरा वर्षं’ म्हणतात. ती १७ वर्षं, आणि काहींची १३, ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या मॅजिसिकाडा या एकाच वंशाची गोष्ट आहे. तो आकडा ताकुआला लावू नका.

शेवटची अवस्था पूर्ण झाली की पिल्लू अंधारात बाहेर येतं, खोडावर चढतं, आकडी रुतवून स्थिर होतं आणि पाठीवर उभी चीर पडते. बाहेर येणारा सिकाडा फिकट आणि मऊ असतो, पंख चुरगळलेले. अंगातला द्रव शिरांत गेला की पंख उलगडतात आणि मग काही तासांत ते कडक होऊन रंग चढतो. म्हणजे नुकता निघालेला ताकुआ दिसला तर तो काळा नसेल आणि तुम्ही त्याला वेगळीच जात समजाल. थांबून पाहा. मागे राहिलेली कात सापडली तर तिच्या चिरेत डोकावून बघा: आत पांढरे धागे लोंबताना दिसतात. ते श्वासनलिकांचं अस्तर आहे, कातीबरोबर तेही उतरतं. ओलसर जंगलात काही सिकाड्यांची पिल्लं बिळाच्या तोंडावर मातीचं नळकांडंही बांधतात, वीतभर उंचीपर्यंतचं. वाटेच्या कडेला अशी नळकांडी दिसली तर त्यांवर पाय देऊ नका.

गाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण सिकाडा डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त सापडतो. नराच्या पोटाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना टिंबल नावाचा एकेक उभ्या कण्यांचा पापुद्रा असतो. आतला स्नायू तो ओढतो, पापुद्रा आत दबतो, सुटतो, आणि पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबल्यावर वाजतं तसा टक्क आवाज होतो. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की सलग सूर ऐकू येतो. नराचं पोट बहुतांशी पोकळ असतं आणि तो आवाज मोठा करतं. मादीचं पोट अंड्यांनी भरलेलं, तिला टिंबल नाही. उलटा करून पाहिलात तर नराच्या पोटाच्या मुळाशी दोन झडपा दिसतात, मादीच्या त्या लहान असतात आणि पोटाचं टोक निमुळतं असतं. नर की मादी हे कळायला एवढं पुरे.

मलेशियाच्या जंगलात सगळे सिकाडे एकाच वेळी गात नाहीत. मातिया गोगाला आणि क्लाउस रीडे या संशोधकांनी मलाय द्वीपकल्पाच्या पेराक राज्यातलं तेमेंगोर राखीव जंगल आणि बोर्निओतलं मलेशियाचं साबा राज्य इथे हे नोंदवलं आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं: वेगवेगळ्या जाती दिवसाचे वेगवेगळे तुकडे वाटून घेतात. संध्याकाळची वेळ सर्वांत गजबजलेली. बोर्निओत मेगापोम्पोनियाला ‘सहाचा सिकाडा’ म्हणतात, कारण विषुववृत्ताजवळ सूर्यास्ताची वेळ वर्षभर फारशी हलत नाही आणि तिथे ती सहाच्या पुढेमागे येते. क्वालालंपूरच्या बाजूला तोच सिकाडा घड्याळात सातनंतर ऐकू येईल, कारण दोन्हीकडची घड्याळं १९८२ पासून एकच वेळ दाखवतात पण सूर्य पश्चिमेकडे उशिरा मावळतो. म्हणून गाण्याची नोंद करताना घड्याळाच्या वेळेबरोबर सूर्यास्ताला किती मिनिटं होती किंवा झाली होती तेही लिहा. फोनवरचं साधं रेकॉर्डिंगही चालतं. फक्त त्यात बोलू नका आणि किमान एक मिनिट सलग ठेवा.

दिव्याकडे तो का आला? प्रेम नाही, भुरळही नाही. २०२४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अतिवेगवान कॅमेऱ्याने दिसलं की उडणारे कीटक उजेडाकडे पाठ वळवतात. आकाश नेहमी वर आणि जमिनीपेक्षा उजळ, त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की सरळ उडता येतं, हे त्यांचं जुनं गणित. बाजूला लावलेला दिवा ते गणित बिघडवतो आणि कीटक दिव्याभोवती गरगरत राहतात. मुक्कामाच्या जागी पांढरे प्रखर दिवे रात्रभर जळत असतील तर पहाटे त्याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो: उजाडताच कोतवाल आणि बुलबुल भिंतीवर बसलेले कीटक एकेक करून उचलून नेतात आणि खाली नुसते पंख उरतात. ताकुआचा काळा पंख तिथे पडलेला सापडला तर तो जरूर उचलून पाहा. पण त्याहून उपयोगाचं काम म्हणजे व्यवस्थापकाला सांगून झोपताना बाहेरचे दिवे बंद करायला लावणं. आम्ही पडदा लावतो तेव्हाही पहाटेच्या बऱ्याच आधी दिवा विझवतो आणि बसलेल्या मोठ्या कीटकांना बोटावर घेऊन अंधारातल्या खोडावर नेऊन ठेवतो.

आता चौकट. ताकुआ साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत नाही. कुठलाच सिकाडा नाही. म्हणून दुकानदार ‘कायदेशीर आहे’ म्हणतो आणि तेवढ्यापुरतं ते खरं असतं. पण साइट्स फक्त देशांमधल्या व्यापाराचा ठरावीक यादीपुरता करार आहे. साबात १९९७ चा वन्यजीव कायदा आणि २००० चा जैवविविधता कायदा आहे, बोर्निओतलंच दुसरं मलेशियन राज्य सारावाकमध्ये १९९८ चा वन्यजीव अध्यादेश. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायला बंदी आहे आणि संशोधकालाही परवाना घ्यावा लागतो. चौकटीतला नमुना कुठून आला हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. फुलपाखरांची काही ठिकाणी शेती होते. मुळांवर वाढणाऱ्या या प्राण्याची होत नाही. म्हणजे तो रानातूनच धरलेला आहे.

एखाददुसऱ्या विक्रीने जात संपेल असं मी म्हणत नाही. जात संपते ती जंगल गेल्याने. १९७३ ते २०१० या काळात बोर्निओचं सुमारे ३० टक्के जंगल गेलं, त्यातला बराच भाग सखल प्रदेशातला. ज्याची पिल्लं मुळांना धरून जमिनीखाली वाढतात त्याला मातीसकट उभं झाड लागतं. तोड झाली की जमिनीखालची येणारी पिढीही जाते. अशा वेळी एखाद्या ठिकाणी, एखाद्या तारखेला ताकुआ होता ही साधी नोंद फार कामाची ठरते. आणि दुकानातल्या चौकटीतून नेमकी तीच गाळलेली असते. मागे ‘सुमात्रा’ किंवा ‘मलेशिया’ एवढंच लिहिलेलं. कुठलं गाव, किती उंची, कुठला महिना, दिव्यावर आला की झाडावरून धरला, काही नाही. संग्रहालयातल्या टाचणीखाली जी नखाएवढी चिठ्ठी असते ती कीटकाइतकीच महत्त्वाची. चिठ्ठीविना नमुना कुणाच्याच कामाचा नाही. माझा आक्षेप आहे तो याला: त्या प्राण्याचा जीव गेला आणि त्यातून कुणाला काही कळलंही नाही.

आधीच कुणी भेट म्हणून दिलेली चौकट घरात असेल तर टाकून देऊ नका. थेट उन्हापासून आणि दिव्यापासून दूर ठेवा. मागची पट्टी घट्ट आहे ना पाहा. संग्रहालयांतल्या नमुन्यांनाही छळणारे बारीक भुंगेरे फटीतून आत शिरतात आणि त्यांच्या अळ्या नमुना आतून पोखरतात. चौकटीत तळाला तपकिरी भुकटी दिसली तर समजा अळ्या आहेत. हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर खोल गोठवणाऱ्या फ्रीजरमध्ये ठेवा आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं. मागे जी काही माहिती लिहिलेली असेल तिचा फोटो काढून ठेवा.

तुम्ही पाहिलेल्या ताकुआची नोंद मात्र आजच करा, आठवण ताजी आहे तोवर. फोटो असतील तर पाठीवरून, बाजूने आणि समोरून असे वेगळे करा. पोटाखालचा एखादा मिळाला तर नर-मादी ठरवता येईल. ठिकाणाचं नाव, समुद्रसपाटीपासूनची अंदाजे उंची, तारीख, वेळ, दिवा पांढरा होता की पिवळा, पाऊस पडून गेला होता का, हे लिहा. ‘बसलेला असताना पोट दिसत नव्हतं, उडताना फिरोजी दिसलं’ हे तुमचं वाक्य तसंच्या तसं घाला. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर हे सगळं टाकता येतं आणि आग्नेय आशियातले सिकाडे ओळखणारी माणसं तिथे आहेत. फोटो नीट आला नसेल तरी नोंद टाका आणि नाव वंशापर्यंत, नाहीतर नुसतं ‘सिकाडा’ एवढंच ठेवा. खात्रीशिवाय जातीचं नाव लिहिण्यापेक्षा ते बरं, कारण चुकीचं नाव पुढे नकाशावर चढतं आणि मग ते काढायला कुणाला तरी पुन्हा तिथे जावं लागतं.